हवेची पेटी

बाबा,

ताईच्या हातातलं तेलाचं फडकं काढून घ्यायचं की तसंच राहू द्यायचं, हे ठरवण्यात माझा गेला आठवडा गेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्यात ठरवचां काय? म्हणून तुम्हालाच सांगते. आज रविवार आहे. जेवणं झाली आहेत, ताई माजघरात आडवी झाली आहे आणि मी मागच्या पडवीत बसून लिहिते आहे. ती उठायच्या आत हे संपवायला हवं.

तुमची फेरी अजून चालू आहे. तुळशीकडे दिवा लागला की ताई न्हाणीच्या कोनाड्यातून बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा काढते. आत फडकं, आणि बाटलीत तुमचंच मिश्रण: खोबरेल, थोडं रॉकेल आणि त्यात विरघळवलेला कापूर. आधी फाटकाच्या बिजागऱ्या, मग दाराची कडी, कुलूप, शिलाईचं मशीन, कोयता, कुदळ आणि शेवटी विहिरीची कप्पी. मी पुण्याहून परत आले आणि तुमच्या जुन्या खोपीत माझं वर्कशॉप मांडलं, तेव्हापासून तिच्या फेरीत माझे पाने आणि लोखंड पकडायचा शेगडासुद्धा आला. मी कधी सांगितलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही. सकाळी पान्याला हात लावला की तो तेलकट लागतो आणि कापराचा वास येतो. किनाऱ्यापासून इतक्या जवळ उघड्यावर ठेवलेलं माझं एकही हत्यार आजवर गंजलेलं नाही.

ही सवय तुम्ही आम्हाला कशी लावली तो दिवस मला अजून दिसतो. मी शाळकरी आहे. तुम्ही किनाऱ्यावरच्या मांडवात एका होडीच्या फळ्या बदलताय. आदल्या संध्याकाळी मी खेळता खेळता तुमचा रंधा ओल्या फळीवर ठेवून आले, आणि सकाळी त्याच्या पात्यावर गंजाचा तांबूस बुरा आला आहे. मला वाटतं आता मार बसणार. तुम्ही रंधा उचलता, माझ्या नाकाशी धरता आणि म्हणता, "वास घे. बरो घे. ह्यो वास वळखून ठेव." एवढंच. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून तुम्ही तुमचा जुना शर्ट फाडता, एक तुकडा ताईला देता, एक मला. "ह्यां तुझां, ह्यां तुझां. घर राखूचां काम आसा ह्यां." माझा तुकडा मी महिन्याभरात हरवला. ताईचा डबा तोच आहे. शर्ट संपले, मग तिच्या जुन्या साड्या आल्या.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मोटारींच्या इंजिनाला हवा पोचवायची वाट तयार करते. होडीचं इंजिन असो की गाडीचं, त्याला हवा लागते हे तुम्हाला माहीत आहे. हवा जितकी थंड तितकी ती दाट, आणि दाट हवेत डिझेल-पेट्रोल जास्त चांगलं जळतं. शर्यतीच्या गाडीत हा फरक हाताला जाणवतो. कंपनीतून आलेली गाडी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. बाजारात मिळणाऱ्या परदेशी नळ्या बहुतेक चकचकीत ॲल्युमिनियमच्या असतात, दिसायला छान, पण त्या स्वतःच तापतात. काहींचं तोंड खाली बंपरमध्ये असतं. तिथे हवा थंड मिळते खरी, पण आपल्याकडे खाडीकाठच्या रस्त्यावर भरतीचं पाणी चढलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढेल आणि जागच्या जागी फुटेल. शिवाय वरच्या सड्याच्या पठारावरची तांबडी धूळ आणि सगळ्यात वर आपलं मीठ. म्हणून मला आपल्या किनाऱ्यावर टिकेल अशी हवेची पेटी करायची होती. तोंड वर, गाडीच्या पुढच्या जाळीच्या मागे. पेटी फायबरची, कारण फायबर तापत नाही. आणि हो, ती मी तुमच्या मांडवाच्या जागी आता जी फायबर होड्यांची शेड आहे तिथेच ओतून घेतली. पहिली फायबरची होडी आली तेव्हा तुम्ही तिला प्लास्टिकची परात म्हणाला होता. तरंगतली, पण होडी नाय ती. रागावू नका, पेटीला तरंगायचं नाही.

ही पेटी कुडाळच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीसाठी होती. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटतात आणि सुट्टीला घाटावरच्या ट्रॅकवर शर्यत लावतात. त्यांची गाडी ओळखणारे खूप आहेत. तिच्यात माझी पेटी बसली आणि चालली, तर इथे बसून काम मिळेल, नाहीतर नाही. पुण्याच्या माझ्या जुन्या कंपनीने परत बोलावलं आहे आणि उद्या, सोमवारी, त्यांना उत्तर द्यायचं आहे. गेले तर ताई या घरात एकटी. ती म्हणाली, "जा गो तू. माझां काय, माका हंय सगळी आसत." मग भाताचा फडफडीतपणा बघायला झाकण काढलं, परत ठेवलं, आणि मागे न वळता विचारलं, "दिवाळेक तरी येशील मां?"

पहिली चाचणी उत्तम झाली. आपल्याकडे सड्यावर आता एक सरळ डांबरी रस्ता आहे, कारखाना येणार म्हणून केलेला. कारखाना आला नाही, रस्ता राहिला. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "ही माझीच गाडी ना? नाहीतर कोणाची तरी चुकून आणली असेल." पेटीच्या झाकणाचा रबराचा सील जरा बसवायचा होता, म्हणून गाडी माझ्याकडेच ठेवली. पुढच्या चाचणीला तीच गाडी अर्ध्या रस्त्यात अडखळली. वेग धरायला गेली की उचकी लागल्यासारखं करायची आणि मान टाकायची. डॉक्टर उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"अक्कलदाढ येत असेल," मी म्हटलं.

"दाढ असती तर आत्ता उपटली असती. हिचं काय उपटू?"

मला वाटलं, माझ्या नळीचं वळण चुकलं. इंजिनाकडे किती हवा जाते ते मोजणारी एक बारीक तार नळीत असते. वळण फार जवळ असलं तर हवा तिच्यापाशी घुसळते आणि ती खोटं सांगते. मी नळी कापली, वळण मोठं केलं, तारेच्या आधी लांब सरळ वाट ठेवली. चार दिवस जेवणाझोपेपुरतीच खोपीतून बाहेर आले. तिसऱ्या चाचणीला गाडी आणखी वाईट चालली. यावेळी डॉक्टर हसले नाहीत. मागून एक जांभा दगड भरलेला ट्रक येत होता आणि गाडी त्याच्यासमोर आडवी होऊन बंद पडली होती. ट्रकवाल्याने ब्रेक मारले म्हणून निभावलं. डॉक्टरांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "हे बघा," ते म्हणाले, "मला तुमचं काम आवडतं. पण शनिवारी ही नीट चालली नाही तर मी जुनीच नळी लावतो. माझ्या बायकोला मी हे सांगू शकणार नाही."

मी घरी आले, गाडी खोपीत लावली आणि ती तार काढून हातात घेतली. केसाएवढी तार. तिच्यावर तपकिरी चिकट थर बसला होता. नाकाशी नेली तर कापराचा वास आला.

बाबा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीच्या आधी, दोन्ही वेळा मी पेटीचं झाकण उघडं टाकून गेले होते. आत हवा गाळायचा फिल्टर होता, कापडाचा, आणि त्याच्याभोवती तारेची चकचकीत जाळी. चकचकीत लोखंड उघड्यावर दिसल्यावर ताई काय करणार? तिने तेच केलं जे तुम्ही करायला सांगितलं होतं. तिने जाळीला तेल लावलं, ते कापडात मुरलं, इंजिनाने ते ओढून तारेवर नेऊन बसवलं, आणि तार खोटं सांगू लागली. माझी नळी बरोबर होती. वळण बरोबर होतं. मी चार दिवस बरोबर असलेली गोष्ट कापत बसले होते, आणि दुसऱ्या वेळी तिने पुन्हा एकदा, जरा जास्तच तेल लावलं होतं.

ती दाराशी आली तेव्हा मी तार मुठीत धरली होती.

"ताई, गाडयेच्या जाळयेक तेल कोणी लायलां?"

"मी. दुसरो कोण आसा हंय?" तिचा आवाज खूश होता. "तू झाकण उघडां टाकून जातंस. खारो वारो काय तुझ्या वळखीचो आसा? बरां चोपडून लायलंय, दोन येळा. उद्या गंज धरलो आसतो तर त्या डॉक्टराक काय तोंड दाखयलां आसतंस?"

मूठ पाठीमागे नेली. मी म्हटलं, "बरां केलंस."

तार मी तेल काढायच्या औषधाच्या फवाऱ्याने धुतली, फिल्टर फेकला, नवा घातला आणि गाडी सुरू केली. घड्याळासारखी चालली. म्हणजे दोष सापडला, शनिवारला अजून वेळ होता, आणि तरी मला झोप येईना, कारण संध्याकाळी पुन्हा दिवा लागणार होता आणि पुन्हा डबा निघणार होता. तुम्ही म्हणाल, तिला सांगून टाक. तुम्हाला ताई माहीत आहे, पण ती तुमच्यानंतर कशी झाली ते माहीत नाही. मी एकदा सुट्टीला आले होते तेव्हा बांगड्याच्या कढीत तिरफळं जरा जास्त झाली असं म्हटलं. त्यानंतर या घरात तिरफळ शिजलेलं नाही. मी मागून किती विनवलं. "नको, तुका सोसत नाय," एवढंच. तिला मी सांगितलं असतं की तुझ्या तेलाने गाडी ट्रकसमोर बंद पडली, माझं इथलं सगळं जायची वेळ आली, तर तिने तो डबा उचलून विहिरीत टाकला असता. आणि मग संध्याकाळी दिवा लावल्यावर ती कुठे जाऊन उभी राहिली असती?

आणि एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही, ती आता सांगते. तुमचा तो रेडिओ दर्याच्या वाऱ्याने बिघडला नव्हता. तुम्ही एका संध्याकाळी त्याची मागची पाटी उघडून आतल्या पत्र्यांना तेल लावलं होतं. आईने ते पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "गो, ह्येका काय झालां?" आणि ती म्हणाली, "दर्याच्या वाऱ्यान गेलो आसतलो." तुम्ही दर्याला शिव्या घातल्यात आणि आम्ही दोघी पोरी तोंडावर हात धरून अंगणात पळालो. आई शेवटपर्यंत बोलली नाही. तुम्ही फेरी शेवटपर्यंत चालू ठेवलीत. आता तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, आणि आई तुमच्याजवळ असेल तर तिला काही बोलू नका.

तर मी आईचीच वाट धरली. पेटी नव्याने करायला घेतली, आणि यावेळी अट एकच: बाहेरून किंवा उघडल्यावर कुठेही लोखंड दिसायला नको. जाळीचा फिल्टर काढून कोरड्या कागदाचा घेतला. झाकणाच्या लोखंडी चिमट्यांऐवजी फायबरच्याच जिभा केल्या, आतून दाबल्या की सुटणाऱ्या. नळीचे पट्टेसुद्धा रबरात लपवले. फायबरवाल्याने साचा बघून विचारलं, "ह्यां काय? खेकडे धरूचो पिंजरो?" मग बोटाने राळ दाबून बघितली आणि मान हलवली. "हवेत पाणी आसा. आज ह्यां सुकूचां नाय." ऑक्टोबरातली ती चिकट, वारा पडलेली दुपार. मी विजेचे दोन दिवे पेटीवर टांगले आणि शेजारी बसून राहिले. दर थोड्या वेळाने बोट लावायचे, चिकटायचं. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सकाळी बोट चिकटलं नाही तेव्हा मी उठून शेडबाहेर गेले आणि पाण्यात पाय घालून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला भूक लागल्याचं तेव्हा कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी पेटी बसवून झाली होती. ताई डबा घेऊन आली. पाने पुसले, शेगडा पुसला, मग गाडीपाशी आली आणि फडकं हातात धरून वाकून बघू लागली. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"ह्येच्यात लोखंड खंय आसा?"

"नाय."

"खंयच?"

"खंयच नाय, ताई."

तिने पेटीवरून हात फिरवला, सपाट, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. "बरां झालां," ती म्हणाली. "मगे माझां काम नाय हंय." आणि ती गेली. मी पडवीतून बघत होते. ती विहिरीकडे वळली नाही. सरळ न्हाणीत जाऊन तिने डबा कोनाड्यात ठेवला.

"ताई, कप्पी रवली मां?"

"रवांदे. उद्या बघया."

तुमच्यामागे इतकी वर्षं मी तिच्या तोंडून कप्पीसाठी "उद्या" हा शब्द ऐकलेला नव्हता. मला सगळं कळत होतं असं नाही. कदाचित तिची कंबर दुखत असेल. कदाचित तिला काहीच लागलं नसेल आणि मीच मनात रचत असेन. पण तिने स्वयंपाकघरात गेल्यावर दिवाही लावला नाही, अंधारातच पाटावर बसून राहिली, आणि मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "गाडी चलतली मां आता? चलतली तर बस झालां." म्हणजे तिने काय ओळखलं होतं आणि काय नाही, ते मी विचारलं नाही. स्कूटर काढली, बाजार बंद व्हायच्या आत कट्टा गावाला गेले आणि एक कडी आणली. दारापेटीला लावतात तशी, बोटभर. पेटीच्या झाकणाला, हवेच्या वाटेपासून दूर बाहेरच्या कडेला, दोन भोकं पाडली. इतक्या कष्टाने वाळवलेल्या झाकणाला भोक पाडताना माझा हात दोनदा मागे आला. मग पाडली.

शनिवारी सकाळी सड्यावर डॉक्टर आले ते थेट गाडीत बसले. यावेळी मीही शेजारी बसले. त्यांनीच सांगितलं, बसा, बंद पडली तर दोघं मिळून ढकलू. मी पेटीच्या आत आणि बाहेर तापमान मोजायला दोन तारा सोडल्या होत्या आणि त्यांचे आकडे माझ्या मांडीवरच्या यंत्रावर दिसत होते. गाडी निघाली. जिथे उचकी लागायची ती जागा आली. डॉक्टरांनी पाय दाबला आणि मी डोळे आकड्यांवरून काढले नाहीत, समोर बघायची माझी हिंमत नव्हती. काही झालं नाही. आवाज चढत गेला, सरळ, कुठेही न तुटता, आणि आतली हवा बाहेरच्या हवेहून जेमतेम गरम होती. रस्ता संपतो तिथे त्यांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. परत फिरवून पुन्हा पळवली, मग तिसऱ्यांदा. मग उतरून त्यांनी बॉनेट उघडलं.

"बसवली तशीच राहू दे. मी हीच नेणार. माझ्याबरोबर शर्यत लावणाऱ्या दोघांनाही दाखवतो." मग खाली वाकून, "पण ही कडी कशाला?"

"थरथर कमी होते," मी म्हटलं.

"असं होय?" दातांच्या डॉक्टरांनी कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बॉनेट बंद केलं.

गाडी काल रात्रभर इथेच होती, आज पहाटे ते घेऊन गेले. काल संध्याकाळी ताई डबा घेऊन खोपीत आली, मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले. "ही खंयसून इली?" ती म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टराक व्हयी होती. "बघ," ती म्हणाली, "लोखंड नाय म्हणी." मग बराच वेळ फडक्याचा आवाज येत राहिला, आणि मग विहिरीवर कप्पी करकरली. उद्या पुण्याला फोन करून नाही म्हणणार आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही, आज बांगडे आणलेत, रात्री जेवताना सांगेन.

हे पत्र कुठे ठेवण्यासारखं नाही. तिच्या हाती लागलं तर सगळं फुकट. संध्याकाळी पाणी तापवताना बंबात घालेन. माजघरात बांगड्या वाजतायत, उठली वाटतं. फक्त एक राहिलं. कट्ट्याच्या दुकानदाराने आधी माझ्यापुढे स्टीलची कडी ठेवली होती. म्हणाला, "ही न्या, जल्मात गंजाची नाय." मी ती परत केली आणि साध्या लोखंडाची मागितली.